झेंड्याला मानकरी नसतो



जुलै सरत आला की आमच्या वेळणेश्वर पंचक्रोशीतल्या वाड्यांच्या व्हॉट्सॲपवर तिरंग्याचे संदेश फिरू लागतात. एक संदेश सांगतो, केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा उरलेल्यांचा. दुसरा सांगतो, मधले चक्र म्हणजे श्रीकृष्णाचे सुदर्शन. तिसऱ्यात चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण ओळीने दिलेले असतात आणि खाली ‘गर्वाने पुढे पाठवा’ असा हुकूम असतो. चौथा संदेश आपल्याच पोरांचा असतो: चक्र निळे आहे, कारण बाबासाहेबांनी ते आपल्या निळ्या झेंड्यावरून घेतले.

या चारांपैकी एकही संदेश जसाच्या तसा खरा नाही. पहिले तीन इतरांचे म्हणून त्यांच्यावर हसायचे आणि चौथा आपला म्हणून त्याला सूट द्यायची, हे आम्हांला पटत नाही. ‘जाणावे, मग मानावे’ असे आपण प्रत्येक व्याख्यानात सांगतो. मग झेंड्याच्या बाबतीतही मूळ कागदापासून सुरुवात करू.

मूळ कागद म्हणजे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने मंजूर केलेला ठराव. तो जवाहरलाल नेहरूंनी मांडला. चार-पाच वाक्यांचाच आहे. भारताचा राष्ट्रध्वज गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा अशा समान प्रमाणातल्या तीन आडव्या पट्ट्यांचा असेल. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळ्या रंगाचे चक्र असेल. त्या चक्राचा आकार सारनाथच्या अशोकाच्या सिंहशीर्षाच्या बैठकीवर जे चक्र आहे त्यासारखा असेल. चक्राचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका, आणि झेंड्याची रुंदी व लांबी सर्वसाधारणपणे २:३. एवढेच.

तीन रंगांचा अर्थ काय, याबद्दल या ठरावात एक शब्द नाही. चोवीस गुण नाहीत, सुदर्शन नाही, आणि आपला निळा झेंडाही नाही. नाव फक्त एकाच माणसाचे आहे, सम्राट अशोकाचे. आणि वस्तू एकच, चरखा. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाच्या सगळ्यांत मोठ्या चिन्हाच्या ठरावात राम, कृष्ण, शिवाजी, अकबर यांपैकी कुणी नाही. बावीसशे वर्षांपूर्वीचा एक बौद्ध राजा आहे. ज्याच्या शिळा-स्तंभांवरची लिपीच लोक विसरून गेले होते आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती उलगडेपर्यंत ज्याला आपल्याच देशात कुणी नीट ओळखत नव्हते, तो राजा. ही गोष्ट इतकी मोठी आहे की तिला खोटी झालर लावायची गरजच नाही.

चरख्याचे चक्र का झाले, याचे एक अगदी साधे कारण नेहरूंनी त्याच दिवशी सभेत सांगितले. चरख्यात एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती असते. झेंडा वाऱ्यावर फिरला की मागच्या बाजूने चित्र उलटे दिसते. झेंड्यावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजे, म्हणून चाक ठेवले आणि बाकीचा चरखा काढला. मग चाक कोणते घ्यायचे, तर अशोकाचे. अशोकाचे नाव या झेंड्याशी जोडले गेल्याचा आपल्याला आनंद आहे, असेही नेहरूंनी सांगितले. गांधीजींना मात्र हे रुचले नाही. झेंड्यात चरखा नसेल तर मी त्याला वंदन करणार नाही, अशा आशयाचे त्यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये जाहीरपणे सांगितले. म्हणजे राष्ट्रपिता म्हणवला जाणारा माणूसच ज्या बदलावर नाराज होता, तो बदल झेंड्यावर टिकला. आज सरकारी जाहिरातीत चरखा आणि चक्र एकाच माळेत ओवून दाखवतात तेव्हा हा तंटा सोयीने गाळला जातो.

त्या दिवशीच्या चर्चेत प्रत्येकाने झेंड्यात आपापले काही पाहिले. हरि विष्णू कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक बसवावे अशी दुरुस्ती सुचवली होती, ती त्यांनी मागे घेतली. ती घेतली नसती आणि मंजूर झाली असती तर आज आपण काय करत असतो, याचा विचार पोरांनी एकदा करून पाहावा. डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचे अर्थ लावले: भगवा म्हणजे त्याग आणि निरिच्छता, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतींशी असलेले नाते, चक्र म्हणजे धर्माच्या नियमाचे चाक आणि गती. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला जो अर्थ शिकवला जातो तो बराचसा या भाषणाचा वारस आहे. तो सुंदर आहे, पण एका सदस्याने लावलेला अर्थ आहे. सभेने मत दिले ते ठरावावर.

आम्हांला त्या दिवसातला सगळ्यांत आवडता माणूस जयपालसिंग मुंडा. ते आदिवासींच्या वतीने उठले आणि ठरावाला पाठिंबा देताना म्हणाले की आमच्याकडे गावागावाचा स्वतःचा झेंडा असतो आणि एका गावाचा झेंडा दुसऱ्याला उचलता येत नाही. आता सगळ्यांचा मिळून आणखी एक झेंडा येतो आहे, त्याचे स्वागत. पाठिंबाही दिला आणि ‘झेंडा म्हणजे काय हे आम्हांला तुमच्या आधीपासून माहीत आहे’ हेही शांतपणे ऐकवले.

आता पहिल्या संदेशाकडे. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. हा खोटा आहे, पण हवेतून आलेला नाही. १९२१ साली बेझवाड्यात पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे झेंड्याचा नमुना ठेवला. त्यात लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा रंग होता. जालंधरच्या लाला हंसराज यांनी चरखा सुचवला होता, आणि इतर धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा घालायला सांगितला. म्हणजे एकेकाळी धर्माप्रमाणे रंगवाटप खरोखर होते. आणि वाटप म्हटले की वाटा मागणारे येणारच. शिखांनी आमचा रंग कुठे म्हणून विचारले. बरोबरच विचारले.

अस्पृश्य म्हणवले गेलेले आपले आजे-पणजे त्या वाटपात कुठल्या पट्ट्यात होते? हिंदू म्हणून लाल पट्ट्यात म्हणावे, तर त्यांची सावलीही हिंदूंना चालत नव्हती. ‘इतर’ म्हणून पांढऱ्यात म्हणावे, तर त्यांना इतर म्हणायलाही कुणी तयार नव्हते, कारण खानेसुमारीत हिंदूंची संख्या कमी झाली असती. धर्मावर रंग वाटले की आपली माणसे कापडाच्या शिवणीत अडकतात. म्हणून हा पहिला संदेश आपल्या वाडीतून पुढे जाता कामा नये. त्यात मुसलमानांना ‘एक पट्टा दिला’ अशी उपकाराची भाषा आहे, आणि आपल्याला तर पट्टाच नाही.

हे वाटप काँग्रेसने स्वतःच मोडीत काढले. १९३१ साली सात जणांची झेंडा समिती नेमली गेली. तिच्यात वल्लभभाई पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर काका कालेलकर आणि सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने संपूर्ण केशरी झेंडा आणि त्यावर तांबूस तपकिरी चरखा असा पर्याय सुचवला. तो स्वीकारला गेला नाही. ऑगस्ट १९३१ च्या सुरुवातीला मुंबईत भरलेल्या काँग्रेस महासमितीने केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला आणि या रंगांना जातीय-धार्मिक अर्थ नाही हे स्पष्ट केले. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. मध्ये गडद निळ्या रंगाचा चरखा.

मित्रांनो, इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, झेंड्याच्या मधल्या चिन्हाचा रंग १९३१ मध्येच गडद निळा झाला होता. आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपूरला झाली. फेडरेशनचा झेंडा निळा होता, समता सैनिक दलाचा निळा होता, पुढे रिपब्लिकन पक्षाचाही निळाच राहिला. हा निळा आपला आहे, त्याच्यासाठी लोकांनी काठ्या खाल्ल्या आहेत. पण राष्ट्रध्वजातल्या चक्राचा निळा त्यातून आलेला नाही. तारखाच जुळत नाहीत. जो कुणी उद्या आपल्याशी वाद घालायला येईल तो नेमकी हीच तारीख काढेल, आणि मग आपले खरे म्हणणेही खोट्यात जमा होईल.

दुसरी गोष्ट मुंबईचीच आणि त्याच महिन्याची. झेंड्याचा निर्णय झाल्यावर आठवड्याभरात, १४ ऑगस्ट १९३१ रोजी, गावदेवीच्या मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना पहिल्यांदा भेटले. मला मायभूमी नाही, असे बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले ते याच भेटीत. ज्या धर्मात आणि देशात आम्हांला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवले जाते त्याला आपले कसे म्हणू, हा त्यांचा सवाल होता. एकाच शहरात एकाच महिन्यात एकीकडे सगळ्यांचा म्हणून झेंडा ठरत होता आणि दुसरीकडे सहा-सात कोटी माणसांचा प्रतिनिधी मला देशच नाही म्हणत होता. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आम्ही त्या एकत्र वाचतो.

आणि पुढच्या सोळा वर्षांत काय झाले पाहा. २३ जून १९४७ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली संविधान सभेची झेंडा समिती नेमली गेली. आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुन्शी अशी मंडळी तिच्यात होती, आणि मायभूमी नाही म्हणणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. समितीने १४ जुलैला शिफारस केली: काँग्रेसचा झेंडा योग्य ते बदल करून राष्ट्रध्वज करावा. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले ते या टप्प्यावर.

याच दिवसांतला एक प्रसंग अलीकडे विरोधक फार मिरवतात. तो बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिला आहे. कीर आपल्याच रत्नागिरीचे. मुंबईच्या हिंदुसभेच्या पुढाऱ्यांनी विमानतळावर बाबासाहेबांना गाठून भगवा झेंडा हाती दिला आणि हा समितीपुढे मांडा म्हणून विनंती केली. बाहेरून पुरेसा रेटा, पुरेशी चळवळ असेल तर मी तो विषय मांडेन, असे बाबासाहेब म्हणाले. एवढ्यावरून ‘आंबेडकरांना भगवा झेंडाच हवा होता’ असे फलक रंगवले जातात. बाबासाहेबांचे राजकारण ज्यांनी दोन पाने तरी वाचले आहे त्यांना या उत्तरातली मेख कळेल. तुमच्यात हिंमत असेल तर आधी लोक उभे करा, असे ते प्रत्येकाला सांगत. आपल्याही लोकांना सांगत. लोक उभे राहिले नाहीत. आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या अंकात ‘ऑर्गनायझर’ने काय छापले? तीन हा आकडाच अशुभ आहे, तिरंगा हिंदू कधी आपला मानणार नाहीत, अशा अर्थाचे. आज तेच लोक घरोघर तिरंगा वाटत फिरतात. फिरू देत. पण कुणी कुणाला देशभक्तीचा दाखला मागायचा, हे त्या अंकावरून ठरू द्या.

बाबासाहेबांनी स्वतः या चक्राकडे कसे पाहिले, याला मात्र पुरावा आहे आणि तोही कीरांच्याच चरित्रात सापडतो. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बोलले. बुद्धधम्मासाठी आपण आजवर काय काय साधले याचा हिशोब त्यांनी दिला: संविधानात पालीच्या अभ्यासाची तरतूद, राष्ट्रपती भवनाच्या दर्शनी भागावर कोरलेले बौद्ध वचन, आणि भारत सरकारने चिन्ह म्हणून स्वीकारलेले अशोकचक्र. धम्मदीक्षेच्या दोन वर्षे आधीचा हा हिशोब आहे. म्हणून ‘चक्र बाबासाहेबांनी आणले’ असे आपली म्हातारी माणसे म्हणतात तेव्हा आम्ही त्यांना हटकत नाही. समितीत ते होते आणि चक्राला त्यांनी आपल्या कामात मोजले, हे दोन्ही कागदावर आहे. फक्त ‘एकट्यांनी’ हा शब्द तरुणांनी जोडू नये. संविधान सभेत मत एकाचे नसते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

चोवीस आऱ्या. प्रेम, शौर्य, संयम अशी जी यादी फिरते ती ठरावात नाही. ती कुणीतरी घरी बसून केलेली आहे, आणि त्यात वाईट काही नसले तरी ती सरकारी नाही. आपल्याकडे भन्ते सांगतात की प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या, उलट-सुलट क्रमाने चोवीस. हा अर्थ धम्माच्या आतून आलेला आहे, अभ्यास करण्याजोगा आहे. पण अशोकाच्या काळच्या कारागिराने हेच मोजून आऱ्या कोरल्या असे म्हणायचे तर अडचण येते: सारनाथच्या त्याच स्तंभावर चार सिंहांच्या डोक्यावर जे मोठे चक्र होते, ज्याचे तुकडेच मिळाले, त्याला बत्तीस आऱ्या असाव्यात असे मानले जाते, इतर ठिकाणच्या शिल्पांतही संख्या बदलते. आऱ्या मोजण्यापेक्षा चाक कुठे फिरले ते पाहावे. सारनाथला, पाच परिव्राजकांपुढे. तिथल्या प्रवचनाचे नावच धम्मचक्कप्पवत्तन. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबवता येते, आणि त्याचा मार्ग आहे. तिथे यज्ञ नव्हता, नैवेद्य नव्हता. झेंड्यावर आपण जे चाक फडकवतो त्याचा जन्म या चार वाक्यांत आहे. सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल या इंजिनियरला मातीखाली सापडले. मातीखाली ते कसे गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सारनाथ लांब पडले, असे वेळणेश्वरच्या पोरांना वाटते. उत्तर प्रदेश कुठे आणि आपली गुहागरची किनारपट्टी कुठे! हा गैरसमज काढायला आम्हांला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आपल्या या किनाऱ्याचे जुने नाव अपरान्त. महावंस या सिंहली ग्रंथात अशोकाच्या काळी धम्मप्रचारासाठी कोणाला कुठे पाठवले त्याची नोंद आहे. महिंद लंकेला गेले हे सगळ्यांना माहीत असते. त्याच नोंदीत अपरान्ताला योनक धम्मरक्खित नावाचे भिक्खू आले असे आहे. योनक म्हणजे ग्रीक. म्हणजे कोकणात धम्म घेऊन येणारा माणूस परदेशी वंशाचा होता, आणि त्याबद्दल कुणाला विटाळ वाटल्याचे नोंदलेले नाही. आमच्या उत्तरेला वाशिष्ठीच्या तोंडावर दाभोळ, दक्षिणेला शास्त्रीच्या तोंडावर जयगड. या खाड्यांतून माल घाटावर चढत होता आणि त्याच वाटांनी भिक्खू हिंडत होते. दापोली तालुक्यातले पन्हाळेकाजी पाहिले नसेल तर या पावसानंतर जरूर जा. कोटजाई नदीच्या काठाला २९ लेणी आहेत. सुरुवातीची थेरवादी, मग वज्रयानी, मग नाथपंथी. एका डोंगरात हजारभर वर्षांचा थर दिसतो. घाटावर कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारात चार सिंहांचा स्तंभ आहे, सारनाथच्या सिंहांचा धाकटा भाऊ म्हणावा असा. तो महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक याने दान दिल्याचे त्यावर कोरलेले आहे. त्याच्या शेजारी आता एकवीरेचे देऊळ आहे आणि येणाऱ्या दहा जणांतले नऊ सिंहांकडे पाठ करून रांगेत उभे असतात.

आणि सोपारा. वसई-विरारला आपली किती माणसे राहतात! गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारे अर्धे चाकरमानी नालासोपाऱ्याच्या लोकलमधून उतरतात. त्यांतल्या किती जणांना माहीत आहे की अशोकाचा शिलालेख तिथे सापडला? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो जवळच्या भुईगावला, १९५६ साली. हो, १९५६.

या दोन लेखांत काय आहे ते आमच्या शब्दांत सांगतो. आठव्यात अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला यात्रा काढत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा मी बोधिवृक्षाला गेलो आणि तेव्हापासून माझ्या यात्रा धम्माच्या झाल्या: लोकांना भेटणे, वृद्धांना मदत करणे, गावच्या माणसांशी बोलणे. नववा आणखी कडक आहे. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाले की, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. बायका तर कितीतरी क्षुल्लक विधी करतात. (बायकांवर हे ढकलणे आम्हांला मान्य नाही, आमच्याकडे बुवाबाजीत पुरुष दोन पावले पुढेच आहेत.) असल्या विधींचे फळ थोडे. खरा मंगलविधी एकच, धम्माचा. आणि तो म्हणजे काय? यादीत पहिलेच येते दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे.

सरकारी इमारतीवर, पोलीस ठाण्यावर, शाळेवर जे चक्र फिरते आहे ते हे बोलणाऱ्या राजाच्या स्तंभावरचे आहे. आता आपल्या गावांत पंधरा ऑगस्टला काय होते ते आठवा. झेंडावंदनाच्या आधी काठीला हळदकुंकू, बुंध्याशी नारळ, कुठे उदबत्ती, कुठे भारतमातेच्या तसबिरीला हार. नारळ कुणी फोडायचा यावर कुजबुज. आम्ही एका शाळेच्या आवारात हे विचारले, तर ‘पूर्वापार आहे’ असे उत्तर मिळाले. १९४७ पूर्वी तिथे शाळाही नव्हती!

कोकणात मान ही काय चीज आहे ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पालखी कुणाच्या खांद्यावर, होळीचा माड कुणी आणायचा, पहिला नारळ कुणाचा, सगळे ठरलेले. त्या व्यवस्थेत आपल्या वाट्यालाही ‘मान’ होता: ढोल वाजवण्याचा, मेलेले ढोर ओढण्याचा, मर्तिकाची खबर घेऊन उन्हापावसात धावण्याचा. १९५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी तो मान गावकीच्या पायरीवर ठेवून दिला आणि त्याबद्दल बहिष्कार सोसले. म्हणून राष्ट्रध्वजाला नारळ फोडला की आम्हांला तो साधा नारळ दिसत नाही. नारळ आला की मानकरी येतो, मानकरी आला की क्रम येतो, आणि क्रमात आपण शेवटी असतो.

ही आमची शंका वाटत असेल तर तामिळनाडूकडे बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, तिथल्या मुख्य सचिवांना सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे लागले की अनुसूचित जातीच्या सरपंचांना झेंडा फडकवण्यापासून कुणी अडवणार नाही याची काळजी घ्या. संविधानाच्या २४३-ड कलमाने राखीव खुर्ची दिली. पण दोरीला हात लावायची वेळ आली की गावाला मानकरी आठवतो. ध्वजसंहिता मात्र कुठल्याही मानकऱ्याला ओळखत नाही. काठीच्या टोकावर किंवा वर फूल, हार, चिन्ह काहीही ठेवायचे नाही, असे ती सांगते. उलगडताना आत फुलांच्या पाकळ्या असलेल्या चालतात. तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीला दुसरा झेंडा नको. भगवा नको, हिरवा नको आणि आपला निळाही नको. झेंड्यावर काही लिहायचे नाही, म्हणून तिरंग्यावर ‘जय भीम’ छापून मिरवणाऱ्या आपल्या मंडळांनीही जरा थांबावे. निळा स्वतंत्र काठीवर, स्वतःच्या जागी, स्वतःच्या दिवशी डौलाने फडकतो. त्याला उसनी जागा कशाला?

हिरव्या पट्ट्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय कोकणातल्या माणसाला हा लेख पुरा वाटणार नाही. राधाकृष्णन म्हणाले, हिरवा म्हणजे मातीशी नाते. आमच्या जिल्ह्यात मातीशी नाते कुणाचे होते? राबणाऱ्या कुणब्याचे आणि महाराचे घामाचे, खोताचे सातबाराचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून होते, बरोबर शामराव परुळेकरांसारखे साथी होते. ज्या मंत्रिमंडळाने ते विधेयक रेंगाळत ठेवले ते त्याच तिरंग्याच्या पक्षाचे होते, हेही विसरू नका. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. राष्ट्रध्वजाचा हिरवा पट्टा १९४७ चा, खोती गेली १९४९ च्या कायद्याने, आणि आजही आपल्या कितीतरी वाड्यांची घरे ज्या जमिनीवर उभी आहेत ती त्यांच्या नावावर नाही. हिरव्याचा अर्थ विचारणाऱ्या पोराला आम्ही आधी तलाठ्याकडे पाठवतो.

केशरीबद्दल भांडू नये असे आम्हांला वाटते. देवळांवर तो भगवा आहे, वारकऱ्यांच्या पताकेत आहे, आणि भन्तेंच्या चीवरातही आहे. काषाय हा शब्दच झाडाच्या सालीमुळांच्या काढ्यात रंगवलेल्या वस्त्राचा. पण ‘केशरी मुळात आपलाच’ असे म्हणून पुन्हा १९२१ च्या वाटपात उडी मारायची काही गरज नाही. पांढरी साडी आणि पांढरा सदरा घालून आपली माणसे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बसली होती म्हणून पांढरा पट्टाही बौद्धांचा होत नाही. आपल्याला पट्टा नकोच आहे. पंचशील ध्वज आहे ना आपल्याकडे! तो १८८५ साली सिलोनमध्ये पहिल्यांदा फडकला आणि १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने जगभरच्या बौद्धांचा म्हणून मान्य केला. त्या परिषदेला बाबासाहेब हजर होते.

जाता जाता कापडाबद्दल. झेंड्याचे कापड हाताने कातलेल्या आणि विणलेल्या खादीचेच असले पाहिजे असा दंडक होता. आपल्या नांदेडमध्ये आणि कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला या कामावर माणसे जगतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे झेंडेही चालू लागले. चरखा १९४७ मध्ये चित्रातून गेला, २०२१ मध्ये कापडातून जायला मोकळा झाला. ठरावात मात्र तो शब्द अजून आहे.

येत्या २२ जुलैला आम्ही वाडीच्या विहारात तो ठराव मोठ्याने वाचणार आहोत. मग सोपाऱ्याच्या दोन्ही लेखांचे मराठी वाचन, आणि जयपालसिंगांच्या भाषणाचा सारांश दहावीतली एक मुलगी सांगेल. मुंबई शाखेच्या लोकांनी जमल्यास भुईगावला जाऊन यावे आणि जागेचा एक फोटो पाठवावा. पावसाचे दिवस आहेत, संध्याकाळी पाचच्या आत या. येताना नारळ आणलात तरी हरकत नाही, नंतर जेवण आहे आणि आमटीला लागतोच.